सेल्फ फिरतोय, इंजिन उचलत नाही

सव्वादोन वाजता मी गाडीचं बटण दाबलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सेल्फ फिरला. अगदी मजेत फिरला, भांड्यात काही न घालता मिक्सर लावावा तसा. इंजिन मात्र जागचं हललं नाही. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तोच सुळसुळीत आवाज. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा ओट्यावर जाळं शिवत बसलेल्या बाबांनी सुई थांबवली आणि म्हणाले, "बॅटरी बघ."

"बॅटरी चांगली हाय, बाबा. बॅटरी नसती तर मोटर फिरली असती का?"

"मंग काय झालं?"

तेच मला कळत नव्हतं, आणि कळत नसलं की मी समोरच्यावर ओरडते. हा माझा जुना रोग. मी ओरडले. बाबांनी मान खाली घालून सुई पुन्हा चालवायला घेतली.

ही गाडी माझ्या थोरल्या भावाची, प्रणितदादाची. काळी, दोनशे सीसीची, आणि तिला किक नाही. हल्लीच्या गाड्यांना किक देत नाहीत; बटण चाललं तर गाडी, नाही तर दीडशे किलो लोखंड. दादा पाच दिवस मासेमारीला समुद्रात होता आणि एक वाजता त्याचा फोन आला होता, "वसईच्या समोर हाय. भरतीवर खाडीत घुसतो. चारपर्यंत घरी." आमच्याकडे घड्याळापेक्षा भरती खरी. ती थांबत नाही आणि उशीरही करत नाही. माझ्याकडे पावणेदोन तास होते.

पैज काय होती ते आधी सांगते. काशीमीराला हायवेच्या कडेला महिपतकाकांचं गॅरेज आहे. मेकॅनिकचा कोर्स झाल्यावर चार महिने मी दर रविवारी तिथे जाऊन उभी राहायचे, आधी नुसती बघत, मग पाने देत, मग एकदा काकांनी एक कार्ब्युरेटर माझ्या हातात दिला. गेल्या रविवारी ते म्हणाले, "पुढच्या सोमवारपासून रोज ये. पण घरी विचारून ये, मला नंतर कटकट नको." मी घरी विचारलं. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून घरातला शेवटचा शब्द दादाचा. दादा तेव्हा बोटीवर जायला निघाला होता.

"कशाला बोलावलंय? झाडू मारायला?" तो म्हणाला.

"गाड्या सुधारायला."

"घरातली गाडी दसऱ्यापासून कण्हतेय ती दिसत न्हाय तुला, आनी लोकांच्या सुधारणार?"

गाडी कण्हत होती हे खरं. सेल्फ मारला की आत कर्रकर्र होऊन सुटायचा, तिसऱ्या-चौथ्या खेपेला इंजिन उचलायचा. मी दोनदा सांगून बघितलं होतं की वन-वे गेलीय. दादा म्हणायचा, कंपनीच्या सर्व्हिसिंगला टाकू.

"घरातली सुधारली तर?" मी विचारलं.

तो हसला. "मी परत येईन तेव्हा एका बटणात चालू झाली तर जा सोमवारी. न्हाय झाली तर परत हे नाव काढायचं न्हाय या घरात. बोल, कबूल?"

"कबूल."

बाबा दारातच होते. ते म्हणाले, "मी साक्षीला हाय." माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला होता. दादाला माहीत होतं मी हरणार. मला माहीत होतं मी जिंकणार. एकोणतीस वर्षांची झाले, लग्नाचं एक मोडलं, एक जमलं नाही, कोळंबी सोलायच्या कारखान्यात दोन वर्षं बर्फात बोटं गोठवली. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी "रोज ये" म्हटलं होतं. ते सोमवारचं "ये" माझ्या हातातून जाऊ द्यायला मी तयार नव्हते.

आता वन-वे म्हणजे काय तेही सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. बटण दाबलं की सेल्फची मोटर फिरते आणि इंजिनाला ढकलून फिरवते. इंजिन चालू झालं की मोटरनं बाजूला व्हायचं. म्हणजे एका बाजूनं धरायचं आणि दुसऱ्या बाजूनं सोडायचं. हे काम मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनाच्या टोकावरच्या जड चाकाच्या, मागे बसलेले तीन छोटे रोलर करतात, करंगळीच्या पेराएवढे. प्रत्येकाच्या मागे एक बारीक स्प्रिंग. स्प्रिंगनं रोलर खाचेत ढकलला की तो अडकतो, आणि अडकला की इंजिन फिरतं. दादाच्या गाडीचे रोलर झिजून गेले होते. मी नवीन रोलर, नवीन स्प्रिंगा आणल्या, काकांकडून मॅग्नेट काढायचा पुलर मागून आणला आणि तीन दिवस घरासमोरच्या पडवीत खपले. आज सकाळी वन-वे जोडून, तिच्यात गिअर बसवून मी हातात धरून फिरवून पाहिली होती. एका बाजूला फिरते, दुसऱ्या बाजूला अडते. एकदम बरोबर. मग सगळं बंद केलं, ऑइल भरलं, बटण दाबलं. आणि हे.

मी काकांना फोन लावला. मागे ट्रकचे हॉर्न, कुणाचं तरी एक्झॉस्ट ठोकणं.

"सेल्फ फिरतोय, इंजिन उचलत नाही," मी म्हटलं.

"मधला गिअर टाकलास ना? सगळे विसरतात तो. मीपण एकदा विसरलोय."

मी छोटं झाकण उघडून पाहिलं. मधला गिअर जागेवर होता. मनातून मला तो तिथे नसावा असं वाटत होतं. तो नसता तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

"आहे."

"मग वन-वे उलटी बसली असेल."

"नाही काका. हातात फिरवून बघितली होती."

"मग उघड. उघडल्याशिवाय काय कळणार? मी काय ज्योतिषी आहे?"

उघड म्हणणं सोपं होतं. ऑइल परत काढायचं, बोल्ट सोडायचे, झाकण, मॅग्नेट, सगळं. आणि झाकणाचं पॅकिंग माझ्याकडे एकच होतं. भाईंदरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तेवढं एकच शिल्लक होतं, आणि ते मी आता इंजिनाला लावून बसले होते. उघडताना फाटलं तर संपलं. मी घड्याळ पाहिलं. दोन पस्तीस.

तेव्हा मला ढकलायची बुद्धी झाली. ढकलून चालू झाली तर निदान इंजिनात माझ्या हातून काही बिघडलं नाही एवढं तरी कळेल. शेजारच्या चंपाकाकू सुकत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकलत होत्या. त्यांना म्हटलं, "काकू, जरा धक्का द्या."

"गॅरेजवाली बाई धक्का मागतेय," काकू म्हणाल्या आणि पदर खोचून आल्या. गल्लीला देवळाकडे थोडा उतार आहे. मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून बसले, काकूंनी रेटलं, गाडी पळायला लागली तसा क्लच सोडला आणि गाडी झटका खाऊन चालू झाली. इंजिन सुरेख वाजत होतं. काकू मागून टाळ्या वाजवत होत्या आणि मला रडू येत होतं, कारण या आवाजाचा मला काही उपयोग नव्हता. दादा बटण दाबणार होता. त्याच्यासाठी चंपाकाकू येणार नव्हत्या.

मेन रोडपर्यंत गेले, एक मोठी चक्कर मारली, दहा मिनिटांनी परत आले. पडवीत गाडी बंद केली. आणि करायचं म्हणून, काही आशा नसताना, बटण दाबलं.

इंजिन चालू झालं.

बंद करून पुन्हा दाबलं. पुन्हा चालू. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दर वेळी एका बटणात. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. मग ते असे हसले की त्यांचे पडलेले दोन दात दिसले. "बघ," ते म्हणाले, "नवीन मालाला जरा बसायला येळ लागतो." आणि कधी नव्हे ते स्वतः उठून चहा टाकायला आत गेले. मी काकांना फोन करून सांगितलं, झालं म्हणून. काका म्हणाले, "झालं म्हणजे? काय केलंस?" मी म्हटलं, काही नाही, आपोआप झालं. ते म्हणाले, "आपोआप काही होत नाही, रीमा." मला त्यांचा राग आला. सुखाचा घास तोंडात जात असताना माणसानं असं बोलू नये.

हात धुतले, चहा प्यायला, बाबांनी दिलेली दोन खारी बिस्किटं खाल्ली. वीसेक मिनिटं गेली. मग नुसत्या समाधानासाठी, आपली गाडी आपल्याला सलाम करते का ते पाहायला, मी पुन्हा बटण दाबलं.

सुळ्ळ. मिक्सर.

मी पडवीत खालीच बसले. त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं, ना गिअर, ना रोलर. फक्त दादाचा तो चेहरा होता, राग नसलेला, कीव करणारा. तो ओरडला तर मी ओरडू शकते. तो कीव करतो तेव्हा ओरडायला काही उरत नाही. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बोट एव्हाना खाडीत घुसली असेल.

काकांना पुन्हा फोन केला. या वेळी माझा आवाज बारीक होता.

"गरम असताना पकडत होतं, थंड झाल्यावर सोडलं?" ते म्हणाले.

"हो."

"मग रोलरच्या जागेत काहीतरी चिकट आहे. गरम झालं की पातळ होतं, रोलर मोकळे होतात. थंड झालं की घट्ट, स्प्रिंगला ढकलता येत नाही. ग्रीस भरलंस का आत?"

"नाही हो काका. इंजिन ऑइलचा एकेक थेंब टाकला, तुम्ही सांगितलं तसा. ग्रीसला हातही लावला नाही."

"बघ आठवून."

"आठवायचं काय त्यात? नाही लावलं म्हणजे नाही लावलं."

बाबा चहाचे कप धूत होते. त्यांनी नळ बंद केला. "ग्रीसनं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मधे नको बोलू रे."

फोन ठेवला. बाबा माझ्या बाजूला येऊन उकिडवे बसले. गाडीकडे बघत हळूच म्हणाले, "एक काम कर. उघडू नको. परत ढकलून चालू कर आनी चालूच ठेव. तो गल्लीत शिरला का बंद कर. मंग त्याला बटण दाबू दे. गरम हाय तवर लागंल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. बाबा आयुष्यात खोटं बोलत नाहीत असं मी म्हणणार नाही, माशांच्या लिलावात सगळेच बोलतात. पण माझ्या कामात त्यांनी मला असं कधी शिकवलं नव्हतं. नट अर्धा आवळून सोडला तरी ते मला परत बोलवायचे.

आणि तरी, माझं मन त्या वाटेनं गेलं. एकदम गेलं. दादा येईल, बटण दाबेल, गाडी लागेल, तो हसून म्हणेल, जा बाई सोमवारी. पैजेत थंड गाडी का गरम गाडी असं काही ठरलं नव्हतं. मी उठून चंपाकाकूंना हाक मारायला दोन पावलं गेलेही. मग उद्याची सकाळ डोळ्यासमोर आली. दादा पहाटे धक्क्यावर जायला निघेल, गाडी रात्रभराची गार, तो बटण दाबेल, आणि सुळ्ळ. मग सोमवारच काय, पुढचे सगळे सोमवार गेले. आणि त्याला तरी का फसवायचं? काहीही झालं तरी गाडी त्याची होती.

"उघडते," मी म्हटलं.

"येळ न्हाय, रीमा."

"उघडते."

ऑइल काढलं. बोल्ट सोडले. झाकण सैल केलं आणि बाबांच्या जाळ्याची सुई घेऊन पॅकिंग कडेकडेनं सोडवायला लागले. श्वास धरून. घामाचा थेंब नाकावरून पडून ऑइलमध्ये गेला. तीन बाजू अख्ख्या सुटल्या, चौथीला एका कोपऱ्यात टर्र झालं. मी शिवी दिली. बाबांसमोर मी शिवी देत नाही, पण दिली. एवढासा कोपरा सिलिकॉननं भागवता येईल असं स्वतःला समजावून मी पुलर लावला, मॅग्नेट खेचला. वन-वे हातात घेऊन गिअर फिरवला. दोन्ही बाजूंना फिरत होता. अडतच नव्हता. सकाळी अडत होता, हे मी देवाशपथ सांगते, सकाळी अडत होता. गिअर ओढून बाहेर काढला.

आत ग्रीस होतं. ठासून भरलेलं. रोलर त्यात गुळाच्या पाकात रुतलेल्या मुंगळ्यांसारखे अडकून पडले होते. मी बोटानं एक मागे दाबला. तो मागे गेला आणि तिथेच बसला. स्प्रिंग बिचारी ढकलत होती, त्याला यायची घाई नव्हती.

ते पिवळं, तारा सुटणारं ग्रीस मी लहानपणापासून ओळखते. खाऱ्या पाण्यानं न धुपणारं, बोटीचं ग्रीस. आमच्या घरात कुठलंही लोखंड ते लावल्याशिवाय बंद होत नाही. दाराच्या कड्या, आईच्या मासे तोलायच्या काट्याची खुंटी, शिवणयंत्र, माझी शाळेतली सायकल. खारा वारा लोखंड खातो, आणि ग्रीस लावलं की खात नाही. बाबांच्या चाळीस वर्षांच्या कामाचं सार एवढंच. सकाळी वन-वे जोडून, फडक्यात गुंडाळून, ताटात ठेवून मी पॅकिंग आणायला भाईंदरला गेले होते. आई बाजारात. घरी एकटे बाबा.

"बाबा."

ते दारात उभे होते. मी वन-वे वर धरली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"कोरडं होतं गं," ते म्हणाले. "मला वाटलं इसरली असशील. थोडं घातलं. खार लागंल म्हनून."

"थोडं?"

"डोळ्याला नीट दिसत न्हाय मला."

"आणि बाहेरून पुसून, परत फडक्यात बांधून ठेवलंस?"

"तू रागावशील म्हनून."

आता मला कळलं ते उघडू नको का म्हणाले. फोनवर मी ग्रीस म्हटलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. ते माझी नोकरी वाचवत होते का स्वतःला, कुणास ठाऊक. बहुतेक दोन्ही. मी तोंड उघडलं, आणि जे बोलणार होते ते चांगलं नव्हतं, एवढ्यात गल्लीत बर्फाच्या पेट्यांचा टेम्पो थांबला.

दादा उतरला. पाच दिवसांची दाढी, सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग, झोप न मिळाल्यानं डोळे लाल. हातात पापलेटांची पिशवी होती, आईला आवडतात म्हणून आणलेली. त्याने पिशवी ओट्यावर ठेवली आणि गाडीकडे पाहिलं. एक बाजू उघडी, खाली ताटात काळं ऑइल, माझे हात कोपरापर्यंत माखलेले.

"चालू न्हाय?"

"अर्धा तास दे. आत ग्रीस गेलंय. धुतलं की झालं."

"कोनी घातलं ग्रीस?"

"मी," मी म्हटलं.

का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बाबा माझ्या मागे उभे होते, तिकडे मी बघितलं नाही. बोट लागली की दुसऱ्या दिवशी बाबा धक्क्यावर जातात. समुद्रात त्यांना कोणी नेत नाही आता, पण इंजिनाचं ऑइल, ग्रीस, नटबोल्ट बघायचं काम अजून त्यांचं. त्या दिवशी ते सकाळी उठून दाढी करतात, धुतलेला शर्ट घालतात. तेवढंच एक काम त्यांच्याकडे उरलंय. ते माझ्या डोक्यात आलं असेल. किंवा नुसतीच जीभ घसरली असेल.

दादा ओट्यावर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हे बघ रीमा," तो म्हणाला, "तुला येत न्हाय असं मी म्हनत न्हाय. पन ही घरची गाडी हाय. उद्या महिपतकडं कोनाची गाडी अशीच बंद करून दिलीस आनी तो हायवेला मधेच थांबला, तर? मागून कंटेनर येतात." त्याने डोळे चोळले. "सोमवारचं राहू दे. मी सांगतो महिपतला."

खरं सांगते, त्या वेळी मला बाबांनी बोलावं असं वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, मी मनातून त्यांना ओढत होते, बोल, बोल ना आता, साक्षीला होतास ना. मी मोठ्या मनाची बिनाची नाही. "मी" असं मोठ्या ऐटीत म्हटलं आणि दुसऱ्याच मिनिटाला ते परत मागत होते. दादाने खिशातून फोन काढला. मी खाली बसून पेट्रोलच्या डब्यात रोलर टाकले, कारण काहीतरी करायला हवं होतं. एक रोलर हातातून दोनदा सुटला.

"पोरीनं न्हाय घातलं," बाबा म्हणाले. "मी घातलं. तिला ठावं पन नव्हतं. तिनं जोडलेलं बरोबर होतं."

दादाचा अंगठा फोनवर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बराच वेळ बाबांकडेच पाहत राहिला. मला वाटलं तो आता हसेल, बाबांना म्हातारा म्हणेल, प्रकरण मिटेल.

"बाबा," तो म्हणाला, "आम्ही निघायच्या आधी बोटीच्या इंजिनाला काय काय घातलंस?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हंजे? सांग ना."

बाबांनी हात पुढे केला आणि बोटं मोजायला घेतली. "पंख्याच्या शाफ्टाला घातलं. पान्याच्या पंपाला घातलं." तिसरं बोट धरलं. "मंग..." ते बोट धरून ते तसेच उभे राहिले. ओठ हलत होते. दादा थांबला होता. मी पेट्रोलमध्ये हात तसाच ठेवून थांबले होते.

"बोटीच्या सेल्फला?" दादाने विचारलं.

"घातलं असंल."

"असंल?"

"आठवत न्हाय, प्रणित."

शेजारी चंपाकाकूंनी कावळ्यांना हुसकलं. दादाने फोन खिशात टाकला. "आम्ही सात जण असतो तिकडं," तो म्हणाला. आवाजात राग अजिबात नव्हता. "पुढच्या खेपेपासनं इंजिन मी बघीन, न्हायतर धक्क्यावरचा मेस्त्री बघंल. तू नको हात लावू."

"बरं," बाबा म्हणाले.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोटीच्या शाफ्टला ग्रीस लागतंच, चाळीस वर्षं त्यांनी ती बोट चालती ठेवली, एका वन-वेवरून माणसाचा हात तोडू नये. हे सगळं माझ्या मनात होतं. मी तोंड उघडायच्या आत दादा माझ्याकडे वळला.

"आनी तू जा सोमवारी. पैज तशी तू हरलेली न्हाईस. पन आधी ही चालू करून दाखव."

मला आनंद झाला. आधी आनंदच झाला, लाज त्याच्यामागून आली. आणि त्या आनंदात मी गप्प बसले. बाबांच्या बाजूनं बोलायला गेले तर दादा पुन्हा बिथरेल, सोमवार पुन्हा जाईल, एवढा हिशेब मी एका क्षणात केला. कसा केला, मला माहीत नाही.

मग मी काम केलं. रोलर, स्प्रिंगा, खाचा, सगळं तीनदा पेट्रोलनं धुतलं, फुंकर मारून सुकवलं, ऑइलचा एकेक थेंब टाकला. स्प्रिंगा बसवल्या. रोलर बसवताना तिसरा हात लागतो, एक धरला की दुसरा उडतो. लहानपणापासून माझा तिसरा हात बाबा.

"बाबा, हा जरा दाबून धर."

त्यांनी हात पाठीमागे नेले. "नको," ते म्हणाले. "माझ्यानं काय तरी चुकंल. प्रणितला सांग."

आणि ते आत गेले. दादाने धरलं. त्याला सवय नव्हती, दोनदा उडालं, पण त्याने धरलं. हातात फिरवून पाहिलं. एका बाजूला फिरलं, दुसऱ्या बाजूला अडलं. दादाने माझ्या हातातून घेऊन स्वतःही फिरवून पाहिलं. फाटक्या कोपऱ्याला सिलिकॉन लावून झाकण बंद केलं, ते सुकेपर्यंत थांबलो, ऑइल भरलं.

इंजिन गार होतं. दादा म्हणाला, "तूच दाब."

मी दाबलं. एका बटणात लागली.

दादाने मान हलवली, दोनदा ॲक्सिलरेटर पिळला आणि विचारलं, "सोमवारी किती वाजता जायचंय?"

"नऊ."

"सोडीन मी."

आतून बाबांचा आवाज आला. "लागली का गं?"

इंजिनाचा आवाज अख्ख्या गल्लीत ऐकू जात होता.

"लागली, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. मी बराच वेळ दाराकडे बघत उभी राहिले. ते बाहेर आले नाहीत.